नणंदेने बारा तेलांचा खोका दिलाय. घरात काय वापरू आणि काय नको?

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या नणंदेने एका कंपनीचं काम सुरू केलंय. साखळीवालं. आपण माल घ्यायचा, ओळखीत खपवायचा, वर आणखी माणसं जोडायची. पहिलं गिऱ्हाईक अर्थातच वहिनी! त्यामुळे सध्या माझ्या कपाटावर एका लाकडी खोक्यात बारा बाटल्या विराजमान आहेत. लॅव्हेंडर, पेपरमिंट, टी ट्री, निलगिरी, लेमन, लवंग, सिट्रोनेला, चंदन, मोगरा आणि आणखी काही. सोबतच्या पुस्तिकेत सर्दीपासून थायरॉईडपर्यंत सगळ्यावर थेंब सांगितलेत. सकाळी कोमट पाण्यात लेमनचे थेंब टाकून नणंदबाई स्वतः पितात आणि मला रोज मेसेज असतो, "वहिनी, घेतलंस का?"

आता घरची परिस्थिती. मुलगा दोन वर्षांचा, दिसेल ते तोंडात घालणारा. सासूबाईंना दमा आहे, पंप चालू असतो. आणि गुंड्या नावाचा एक बोका. संध्याकाळी डास, ओट्यावर मुंग्या, आणि मला रात्री धड झोप नाही. पुस्तिकेत वाचून मी बादलीभर पाण्यात सिट्रोनेला टाकून लादी पुसून घेतली, तर लादीवर तेलकट पट्टे उठले आणि कामाच्या मावशी घसरता घसरता वाचल्या.

मला वासांचं वावडं नाही, उलट आवडतात. पैसेही जायचे ते गेलेच आहेत. तेव्हा "फेकून दे" एवढंच सांगू नका. कुणी जाणकार असेल तर नीट सांगा. नणंदेचं मन मोडायचं नाहीये, पण पोराच्या जिवाशी खेळही नकोय.

कट्ट्यावरचा_बंडू

सगळं थोतांड आहे. परदेशी बाटल्यांची फॅशन. आपल्या आज्या कापूर, ओवा आणि निलगिरीवर घर चालवायच्या, कुणाला काही झालं नाही. नैसर्गिक वस्तूंनी अपाय होत नसतो. खोका ओएलएक्सवर टाका.

मालतीमावशी_नाशिक

अगं मृण्मयी, तू लिहिलेलं वाचून हसूही आलं आणि काळजीही वाटली. मी सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत उभी हयात काढली. आता निवृत्त आहे. रोज सकाळी ड्रममधल्या मालाचे नमुने यायचे, ते आधी नाकाने आणि मग यंत्राने तपासायचे, हे माझं काम. त्यामुळे या तेलांची मला आवड आहे आणि त्यांचा धाकही आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी बंडूभाऊंचं बघू. निलगिरी ही मुळात परदेशीच, ऑस्ट्रेलियाची. इंग्रजांनी ती उटीकडे लावली आणि डोंगराचं नाव तेलाला चिकटलं. आणि "नैसर्गिक म्हणजे निर्धोक" हे डोक्यातून काढून टाका. कापराची एक-दोन वडी लहान मुलाने गिळली तरी झटके येऊ शकतात. निलगिरीचंही तेच, काही मिलिलिटर पोटात गेलं तरी मूल गुंगीत जातं, आकडी येते. आज्यांच्या काळी काही झालं नाही असं नाही, झालेलं कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून सगळ्यात आधी तो खोका कपाटावरून काढ आणि कुलपात ठेव. शोकेसमध्ये नको, "वरच्या फळीवर" नको. दोन वर्षांचं पोर खुर्ची ओढून चढतं. चुकून प्यायलंच तर ओकारी काढायला बोटं घालू नकोस, कारण ओकताना हे पातळ तेल श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं आणि ते जास्त वाईट. बाटली हातात घ्यायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. त्याच्या छातीला, नाकाला, रुमालाला निलगिरी, पेपरमिंट, कापूर यातलं काहीही लावायचं नाही. पेपरमिंटमधल्या मेंथॉलच्या उग्र वासाने तान्ह्यांचा श्वास अडकल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत, तुझा दोन वर्षांचा असला तरी मी धोका पत्करणार नाही.

गुंड्यासाठी टी ट्री हे विष समज. मांजराच्या यकृतात ही द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची जी सोय आपल्याकडे असते ती फार तोकडी असते. डिफ्यूझर, म्हणजे तेल हवेत फवारणारं ते यंत्र, लावलास तर हवेतले बारीक थेंब त्याच्या केसांवर बसणार आणि तो दिवसभर अंग चाटत बसणार. लादीचंही तसंच, पंजे चाटतोच. मुलगा, दमा आणि बोका, या तिघांपायी डिफ्यूझर तुझ्या घरातून बादच. सासूबाईंना विचार, अगरबत्तीनेही त्यांना खोकला येत असेल.

आता पिण्याचं. अगं, लेमनचं ते तेल म्हणजे लिंबाचा रस नव्हे. सालातल्या बारीक पिशव्या दाबून काढलेलं ते तेल, त्यात बहुतांश लिमोनीन नावाचं द्रावक असतं. घरात टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा असेल तर त्यावर दोन थेंब टाकून बघ. बघता बघता खड्डा पडतो. आपलं पोट थर्मोकोलचं नसतं हे मलाही कळतं, पण ते तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगत राहतं आणि घशाला, अन्ननलिकेला जसंच्या तसं चाटून जातं. ज्याला लिंबूपाणी प्यायचंय त्याने लिंबू पिळावं, पाच-दहा रुपयांचं काम. आणि हेच तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडीवर काळे चट्टे उठतात, तेही नणंदबाईंना सांग.

लादीवर पट्टे का उठले तेही यातच आलं. तेल पाण्यात मिसळत नाही. आधी चमचाभर द्रवसाबणात घोळून मग बादलीत टाकलं असतंस तर पसरलं असतं. पण बोका आहे, तेव्हा साबण-पाणी पुरे. बाजारच्या काळ्या फिनाइललाही माझी हीच हरकत आहे, मांजराच्या घरात ते नको.

मग उरलं काय? बरंच उरलं.

लेमनचा सगळ्यात चांगला उपयोग मी सांगते, तो त्या पुस्तिकेत नसणार. नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर निघता निघत नाही ना? नखाने खरवडून वरचा कागद जातो आणि चिकट डिंक राहतो, मग त्यावर धूळ बसून तो काळा होतो. कापसावर चार थेंब लेमन घे, डिंकावर दाबून धर, जरा थांब. डिंक मऊ होऊन गोळ्या गोळ्या होऊन सुटतो. मग भांड्याच्या साबणाने स्वच्छ धू. काचेच्या बरण्यांनाही चालतं. प्लॅस्टिकच्या डब्यावर मात्र करू नकोस, काही प्लॅस्टिक त्याने धुरकट होतं. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवरची जुनी लेबलं आम्ही असल्याच तेलाने काढायचो. कंपनीने दिलेलं सॉल्व्हंट त्यापुढे फिकं.

निलगिरी स्वेटर धुताना वापर. द्रवसाबणात थोडी मिसळून कोमट पाण्यात घाल, लोकरीचा कुबट वास जातो. शर्टाला च्युइंगगम चिकटला असेल तर तोही निघतो. सर्दीत वाफ घ्यायची तर मोठ्यांनी, एखादाच थेंब, डोळे मिटून, आणि पातेलं ओट्यावर किंवा टेबलावर. पोर घरात फिरत असताना उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर ठेवून पंचा डोक्यावर घेऊन बसायचं, याच्याइतका बिनडोक प्रकार नाही. सासूबाईंना नुसती वाफ, तीही डॉक्टर हो म्हणाले तर.

लवंगेचं तेल मोठ्यांच्या दाढदुखीला, रात्रीची वेळ मारून न्यायला. दाताच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की जो वास येतो तो लवंगेतल्या युजेनॉलचाच, ते झिंक ऑक्साईडमध्ये कालवून दातात तात्पुरतं भरतात. पण थेट बोळा भिजवून लावलास तर हिरडी भाजून पांढरी पडते. थोड्या खोबरेल तेलात एखादा थेंब, कापूस पिळून, फक्त दाढेवर. आणि सकाळी डॉक्टर. ठणका थांबला म्हणजे कीड गेली असं नाही.

सिट्रोनेलाने डास पळतात, पण तासाभराचा खेळ. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि कुंडीखालच्या ताटलीत अंडी घालतो. ती ताटली पालथी घालणं कुठल्याही तेलापेक्षा मोठं. मुंग्यांची रांग पेपरमिंटने पुसली तर त्यांचा माग पुसला जातो, थोडा वेळ गोंधळतात आणि मग दुसरीकडून येतात. साखरेच्या डब्याचं झाकण बघ आधी.

झोपेसाठी लॅव्हेंडर. रुमालावर एक थेंब, उशीपासून हातभर लांब, दार लावून. वासाने मन सैलावतं, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नकोस. तसंही तुझ्या झोपमोडीचं कारण दोन वर्षांचं आहे असं मला वाटतं, त्यावर थेंब नाही.

अंगाला चोळायचं असेल तर दोन मोठे चमचे तिळाचं तेल आणि त्यात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. नुसतं तेल कधीच लावायचं नाही, कुणी कितीही "आमचं शुद्ध आहे" म्हणालं तरी. शुद्ध आहे म्हणूनच नाही लावायचं.

मृण्मयी_डोंबिवली

मावशी, किती आभार मानू! खोका आत्ताच लोखंडी कपाटात टाकला. स्टिकरचं करून बघितलं, डाळींचे डबे चकचकीत झालेत, सासूबाई खूश. 😀

एक शंका. चंदन आणि मोगरा यांचं काय करू? नणंद म्हणते ही दोन सगळ्यात भारी आहेत. आणि शुद्ध आहे की नाही हे घरच्या घरी कळतं का?

फ्रँकफुर्टची_सई

मावशींचं सगळं पटलं, फक्त एक भर. इथे जर्मनीत औषधाच्या दुकानात पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल मिळतात, पोटात मुरडा येणाऱ्यांसाठी. मला डॉक्टरांनीच सांगितल्या होत्या आणि मला उपयोग झाला. लॅव्हेंडरच्याही कॅप्सूल असतात, अस्वस्थपणावर. डोकं दुखलं तर कपाळाला लावायला पेपरमिंटचं १० टक्क्यांचं तयार द्रावण मिळतं. तेव्हा "पोटात कधीच नाही" असं सरसकट म्हणता येईल का?

मालतीमावशी_नाशिक

सई, रास्त बोललीस. पेपरमिंटच्या त्या कॅप्सूलला असं आवरण असतं की ती जठरात न फुटता पुढे आतड्यात जाऊन फुटते. मात्रा मोजलेली, आवरण तपासलेलं, वर डॉक्टरचं लक्ष. ते औषध झालं. बाटलीतून ग्लासात थेंब टाकणं हे त्यातलं नाही. थेंबाचा आकारही बाटलीच्या तोंडाप्रमाणे बदलतो, माहितीये का? त्यामुळे पुस्तिकेतले "दोन थेंब" म्हणजे नक्की किती हे पुस्तिकेलाही ठाऊक नसतं.

मृण्मयी, आता तुझी शंका. इथे माझं सगळं आयुष्य गेलंय, त्यामुळे थोडं पाल्हाळ चालवून घे.

मोगऱ्याचं फूल इतकं नाजूक की वाफेवर धरलं तर त्याचा वास शिजून जातो. म्हणून ते द्रावकाने काढतात, आधी मेणासारखा पदार्थ निघतो, तो अल्कोहोलने धुऊन मग खरा अर्क हाती येतो. तो महाग, फार महाग. निलगिरीच्या शेजारी त्याच आकाराच्या बाटलीत, त्याच किमतीला "मोगरा" बसला असेल तर तो कारखान्यात जुळवलेला वास आहे. वाईट नव्हे हं. आम्हीच असले वास जुळवायचो आणि चांगले जुळवायचो. पण ते अंगाला लावायचं तेल नाही. कापसाचा बोळा भिजवून बाथरूमच्या उंच झरोक्यात ठेव. चंदनाचंही तेच गणित. अस्सल चंदनतेलाची तेवढी बाटली तुझ्या अख्ख्या खोक्याहून महाग पडली असती.

भेसळ काही आजची नाही. आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात, धुळ्याकडे. त्या डोंगरात रोशा गवत उगवतं, त्याला गुलाबासारखा वास. पावसाळा सरला, गवत फुलोऱ्यावर आलं की नाल्याच्या कडेला भट्ट्या लागायच्या, आजोबा सांगायचे. मोठ्या हंड्यात गवत ठासून भरायचं, थोडं पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात आणायची आणि ते भांडं वाहत्या पाण्यात बुडवून गार ठेवायचं. तेल पाण्यावर तरंगतं, ते वरचेवर काढून घ्यायचं. एकोणिसाव्या शतकात हे आपलं खानदेशी तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे पार कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत जायचं, आणि तिथे काय व्हायचं? गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळायचे! युरोपातले व्यापारी त्याला तुर्की जिरेनियम म्हणायचे, पण मुळात ते आमच्या डोंगरातलं गवत. रोशाच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास जिरॅनिऑल नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि ते गुलाबातही असतं, त्यामुळे नाकाला चकवा बसायचा. मी नोकरीत गुलाबाच्या नमुन्याला नाक लावलं की पहिल्यांदा रोशा शोधायची. गावचा वास, लगेच ओळखू यायचा.

घरी करायची परीक्षा एकच, तीही अर्धवट. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकेक थेंब टाक, खाली पेन्सिलने नाव लिही आणि रात्रभर ठेव. निलगिरी, पेपरमिंट उडून गेलेली दिसली पाहिजेत, मागे भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहिला तर त्यात खायचं किंवा खनिज तेल मिसळलंय. लेमनचा किंचित पिवळट ठसा राहतो, तो चालतो. चंदन, वाळा ही जड तेलं, ती दिवसेंदिवस कागदावर बसून राहतात, त्यांना ही परीक्षा लावू नकोस. आणि हुशार भेसळ कागदावर सापडत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून दाखवणारी यंत्राची तपासणी. खरी कंपनी असेल तर त्या बॅचचा तो अहवाल मागितल्यावर देते. नणंदेला सांग, वरच्या माणसाकडे मागून बघ. काय उत्तर येतं त्यावरून तिचं तिलाच कळेल.

आणखी एक, बाटल्यांना रबरी ड्रॉपर असतील तर काढून टाक. तेलाच्या वाफेने रबर फुगतं, चिकट होतं आणि तो चिकटा बाटलीत उतरतो. साधं घट्ट झाकण बरं. टी ट्री आणि लेमन उघडल्यावर हवेने बिघडतात, मग त्यांनी अंगावर पुरळ येतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिही, जुनं झालं की ते स्टिकरच्या कामाला.

कट्ट्यावरचा_बंडू

बरं मावशी, हार मानली. पण अमृतधारा तरी चांगली ना? आमच्याकडे आई घरीच करते.

मालतीमावशी_नाशिक

बंडूभाऊ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. ओवाफूल (ओव्याच्या तेलातले खडे), पुदिनाफूल (मेंथॉलचे खडे) आणि कापूर, तिन्ही खडे कोरड्या काचेच्या बाटलीत सारखे भरायचे. ना पाणी, ना विस्तव. बूच लावून बाटली हलवत राहिलं की खड्यांना घाम फुटतो, कडा विरघळतात आणि थोड्या वेळात सगळ्याचं पाणी होतं. वेगवेगळे असताना घट्ट, एकत्र आले की पातळ. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच करून दाखवायची, डोळे विस्फारून बघत बसायची.

माशी चावली, कपाळ ठणकलं तर मोठ्यांनी बोटाच्या टोकावर किंचित घ्यावी, डोळ्यांपासून लांब. बत्ताशावर टाकून खायची जुनी पद्धत आहे, ती मी कुणाला सुचवत नाही, कारण आत कापूर आहे आणि देवाच्या कापराच्या पुडीतला माल तर खाण्यासाठी बनवलेलाच नसतो, तो बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. तुमच्याकडे लहान मूल असेल तर ती बाटलीही कुलपात.

मृण्मयी_डोंबिवली

कागदाची परीक्षा केली. निलगिरी, पेपरमिंट, लवंग पास. एका बाटलीचा मात्र चांगला रुपयाएवढा तेलकट डाग राहिलाय, आणि ती नेमकी "प्रीमियम" म्हणून वेगळ्या मखमली पिशवीत आली होती. रविवारी नणंद जेवायला येतेय. अहवालाचं विचारते, आणि जेवणाआधी थर्मोकोलचा प्रयोग तिच्याच हाताने करून घेते. सासूबाईंनी टीव्हीचं खोकं माळ्यावरून काढूनही ठेवलंय.